पोर्सिलेनचा पक्षी आधी उलटा करून बघा

जुना पोर्सिलेनचा पक्षी हातात आला की बहुतेकांची नजर आधी त्याच्या डोळ्यांवर जाते, मग पिसांच्या रंगांवर. या छंदात मुरलेला माणूस तसं करत नाही. तो पक्ष्याला अलगद आडवा करतो आणि त्याचं बूड बघतो. मग पक्षी ज्याच्यावर बसवलेला असतो तो बुंधा, मग मागची बाजू. पक्षी समोरून कसा दिसतो हे तो सगळ्यात शेवटी बघतो, कारण नकला करणाऱ्यांनी आपलं सगळं कसब तिथेच ओतलेलं असतं. बुडाकडे मात्र त्यांचं जरा दुर्लक्ष होतं.

बुडाशी नेमकं काय बघायचं, हे कळायला हे पक्षी घडतात कसे ते आधी समजून घ्यावं लागतं.

बुंधा शोभेचा नाही

हे पक्षी क्वचितच मोकळे उभे असतात. हळद्या असो, सुतार असो की पोपट, तो कुठल्या तरी झाडाच्या तोडक्या बुंध्यावर बसलेला असतो. बुंध्याला चार पानं, एखादं फूल, एखादा किडा चिकटवलेला. बघणाऱ्याला वाटतं, कलाकाराला निसर्गाची आवड असणार. असेलही. पण खरं कारण भट्टीत आहे.

अस्सल पोर्सिलेन म्हणजे केओलिन नावाची पांढरी माती आणि फेल्डस्पार व क्वार्ट्झ ही खनिजं यांचं मिश्रण. ते साधारण १४०० अंश सेल्सिअसला भाजतात. एवढ्या आचेला फेल्डस्पार वितळून काचेसारखा होतो आणि मातीच्या कणांमधल्या फटी भरून काढतो. त्यामुळेच पोर्सिलेन कडक होतं, पाणी शोषत नाही आणि जिथे पातळ असेल तिथून उजेड झिरपतो. पण याच वेळी आतली वस्तू मऊ पडलेली असते आणि स्वतःच्याच भाराने झुकायला लागते. शिवाय ती आकसते, ती साधारण सहाव्या हिश्शाने. म्हणजे कारागिराने सहा इंचांचा पक्षी घडवला तर भट्टीतून पाच इंचांचा बाहेर येतो.

आता विचार करा, काडीएवढ्या दोन पायांवर मातीचं भरीव दिसणारं शरीर तोलून हा सगळा प्रकार पार पाडायचा आहे. पाय वाकणार, पक्षी तोंडावर पडणार. म्हणून पोटाखाली बुंधा आला. लांब शेपटी बुंध्याला टेकवली. बगळ्यासारखा उंच पायांचा पक्षी असेल तर पायांभोवती लव्हाळ्याचं बेट उभं केलं. इंग्लंडमधल्या कारखान्यांनी तर पक्ष्यामागे पानाफुलांचा पडदाच लावायला सुरुवात केली. आधी गरज म्हणून आलेली गोष्ट पुढे शैली होऊन बसली, इतकी की नंतरच्या काळात गरज नसतानाही बुंधे येत राहिले.

पक्षी आतून पोकळ असतो. साच्याच्या दोन-तीन भागांत माती दाबून किंवा पातळ मातीचा घोळ ओतून त्याचे तुकडे काढतात, ओले असतानाच जोडतात आणि सांधे पुसून टाकतात. पोकळीतल्या हवेला बाहेर पडायला वाट हवी, नाहीतर भट्टीत ती वस्तू फोडते. म्हणून बुडाला एक भोक ठेवलेलं असतं. त्या भोकातून आत बोट घालून बघा (जात असेल तर). माती दाबून केलेल्या पक्ष्याची आतली बाजू ओबडधोबड असते, बोटांचे ठसेसुद्धा लागतात. घोळ ओतून केलेला आतून गुळगुळीत आणि सगळीकडे सारख्या जाडीचा असतो. दोन्ही पद्धती जुन्याच आहेत, त्यामुळे एवढ्यावरून खरं-खोटं ठरत नाही. पण कुठला कारखाना कुठली पद्धत वापरायचा हे माहीत असेल तर हा पुरावा चांगला कामी येतो.

सहाशे घोडेस्वार देऊन घेतलेली भांडी

पोर्सिलेन चीनचं. केओलिन हे नावच जिंगदेझेनजवळच्या गाओलिंग या टेकडीवरून आलं. कांगशी (१६६२ ते १७२२) आणि चिएनलुंग (१७३६ ते १७९५) या सम्राटांच्या काळात तिथून पोपट, कोंबडे, ससाणे, क्रौंच असे पक्षी जहाजांनी युरोपात जायचे. हिरव्या झिलईचे, म्हणजे वरच्या काचेसारख्या लेपाचे, पोपट विशेष लाडके होते. फ्रान्समधले सराफ आणि कासार त्यांना सोनेरी मुलाम्याच्या पितळी बैठकीवर बसवून आणखी महाग करायचे.

युरोपला ही माती जमत नव्हती आणि तिचं वेड मात्र लागलं होतं. सगळ्यात जास्त वेड लागलं ते जर्मनीतल्या सॅक्सनीचा शासक आणि पोलंडचा राजा ऑगस्टस याला. १७१७ साली त्याने प्रशियाच्या राजाला ६०० घोडेस्वार दिले आणि बदल्यात १५१ चिनी भांडी घेतली. त्याच्या कितीतरी आधी त्याच्याच कैदेत एक किमयागार होता, योहान फ्रीडरिश ब्योटगर. हा सोनं करून दाखवतो म्हणून सांगत फिरायचा, म्हणून त्याला कोंडून ठेवलं होतं. सोनं काही झालं नाही. पण चिर्नहाउस या शास्त्रज्ञाच्या बरोबरीने प्रयोग करता करता पांढरं कडक पोर्सिलेन सापडलं, आणि १७१० साली सॅक्सनीतल्या मायसेन गावी कारखाना उभा राहिला. ब्योटगर १७१९ साली वारला, चाळिशीही न गाठता.

पक्ष्यांची खरी कथा सुरू होते १७३१ साली, योहान योआखिम केंडलर या शिल्पकाराच्या येण्याने. ऑगस्टसला ड्रेस्डेनमधल्या आपल्या जपानी महालात पोर्सिलेनचं प्राणिसंग्रहालय उभं करायचं होतं, आणि तेही जवळजवळ खऱ्या आकाराचं. केंडलर राजाच्या मोरित्सबुर्गच्या प्राणिबागेत जाऊन जिवंत पक्ष्यांची चित्रं काढायचा. त्याचं गिधाड मान खाली घालून खाजवताना दिसतं, त्याचा बगळा मासा पकडतो, त्याचा मोर पिसारा सांभाळत उभा असतो. त्याआधीचे बरेचसे पक्षी शोभेच्या बाहुल्यांसारखे होते. केंडलरने त्यांना सवयी दिल्या.

भट्टीने मात्र त्याला सोडलं नाही. एवढ्या मोठ्या घाटाला सारखी आच लागणं कठीण, त्यामुळे त्या मोठ्या पक्ष्यांवर भाजतानाच लांबलचक तडे गेले. पुन्हा भट्टीत घालून रंग पक्के करायचे म्हणजे आणखी धोका, म्हणून काहींवर न भाजता नुसतेच रंग चढवले, आणि ते पुढे झडून गेले. आज ड्रेस्डेनच्या झ्विंगर महालातल्या संग्रहालयात हे पांढरे पक्षी आपल्या तड्यांसकट उभे आहेत. मला विचाराल तर त्या तड्यांमुळे ते जास्त जिवंत वाटतात, पण हे माझं मत.

केंडलरचे छोटे पक्षी मात्र भट्टीतून सुखरूप आले आणि रंगलेही. आज संग्राहक ज्यांच्या मागे असतात ते हळद्ये, सुतार, पोपट, हुदहुद हे याच घराण्यातले.

इंग्लंडमध्ये गोष्ट वेगळी घडली. तिथल्या चेल्सी कारखान्याने १७५० च्या आसपास पक्षी काढले, ते जॉर्ज एडवर्ड्स या निसर्ग अभ्यासकाच्या पुस्तकांतल्या छापील चित्रांवरून. चित्रात पक्ष्याची एकच बाजू दिसते. दुसरी बाजू, पाठ, शेपटीखालचा भाग हे घडवणाऱ्याने मनाने भरायचं. चेल्सीचा पक्षी फिरवून बघताना हे लक्षात ठेवा. एका बाजूने तो डौलदार वाटतो आणि दुसऱ्या बाजूने जरा गोंधळलेला.

दोन मात्या

या छंदात एकच गोष्ट शिकायला वेळ असेल तर ही शिका. पोर्सिलेन दोन जातींचं असतं, कठीण आणि मऊ. मायसेन, चीन आणि जर्मनीतले बहुतेक कारखाने कठीण. चेल्सी, बो, डर्बी हे अठराव्या शतकातले इंग्रज कारखाने मऊ. या मऊ पोर्सिलेनमध्ये मातीबरोबर काचेची भुकटी, तर बो कारखान्यात हाडांची राख मिसळायचे, आणि ते कमी आचेवर भाजायचे.

हातात घेतल्यावर फरक कसा कळतो? कठीण पोर्सिलेनची झिलई पातळ, ताणलेली, थंड वाटते आणि रंग तिच्यावर बसलेले असतात. डोळे मिटून पिसांवरून हलकेच बोट फिरवा, रंगाचा उंचवटा जाणवतो. मऊ पोर्सिलेनची झिलई जाडसर, जरा मेणासारखी. पिसांच्या खाचांत ती साचलेली दिसते, त्यामुळे कोरीवकामाच्या कडा बोथट होतात. रंग तिच्यात थोडे मुरतात. आणि कुठे टवका उडालेला असेल तर काम सोपंच: कठीण पोर्सिलेनचा टवका शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा गुळगुळीत, चमकदार असतो, मऊचा खडीसाखरेच्या तुटलेल्या कडेसारखा रवाळ.

काही जुनी पुस्तकं सांगतात की बुडावर लोखंडी कानस घासून बघा. कृपा करून असलं काही करू नका.

रंगांचीही गंमत सांगायला हवी. झिलईवरचे रंग म्हणजे धातूंची संयुगं काचेच्या बारीक भुकटीत कालवलेली. कोबाल्टचा निळा, तांब्याचा हिरवा, लोखंडाचा लाल, सोन्यापासून काढलेला गुलाबी-जांभळा. भाजण्याआधी यांतले बरेच रंग भलतेच दिसतात, म्हणजे चित्रकार जे रंगवतो ते त्याला तेव्हा दिसत नसतं. रंग पक्के करायची भाजणी ७०० ते ९०० अंशांच्या दरम्यान होते. सगळ्यांना एकच आच सोसत नाही, म्हणून जास्त सोसणारा रंग आधी, कमी सोसणारा नंतर, आणि सोनं सगळ्यात शेवटी. म्हणजे एक पक्षी अनेकदा भट्टीत गेलेला असतो, आणि प्रत्येक वेळी फुटायची संधी त्याला मिळालेली असते.

हाताने रंगवलेलं कसं ओळखायचं, हा नेहमीचा प्रश्न. भिंगातून मानेवरची पिसं बघा. कुंचल्याचा फटकारा जिथे सुरू होतो तिथे रंग जाड आणि उचलला जातो तिथे विरळ असतो. कुठलीही दोन पिसं हुबेहूब नसतात. छापील नक्षीत भिंगाखाली ठिपके किंवा सगळीकडे एकाच जाडीची रेघ दिसते. मधला प्रकारही आहे, रेघा छापलेल्या आणि रंग हाताने भरलेला. त्याला हाताने रंगवलेलं म्हणून विकणं खोटं नसतं, पण पूर्ण खरंही नसतं.

खुणेवर भाळू नका

नवशिके बूड बघतात ते फक्त कारखान्याच्या खुणेसाठी. निळ्या तलवारींची फुली दिसली की मायसेन, जहाजाचा सोनेरी नांगर दिसला की चेल्सी, असा सरळ हिशेब. नकला करणाऱ्यांनाही तो ठाऊक असतो.

तलवारींची खूण मायसेनमध्ये १७२० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे. तिच्याजवळ टिंब असेल तर काळ साधारण १७६३ ते १७७४, तारा असेल तर १७७४ ते १८१४, असे बारकावे आहेत. खूण झिलईखाली, निळ्या रंगात असते. तिच्यावर आडवी चीर पाडलेली असेल तर कारखान्याने तो माल दुय्यम ठरवला किंवा रंग न लावता विकला, असा अर्थ होतो. मग त्याच्यावरचे रंग बाहेर कुणी तरी चढवलेले असू शकतात. दुसरीकडे, सुरुवातीच्या कित्येक अस्सल पक्ष्यांवर खूण मिळतच नाही, किंवा बुंध्याच्या मागे इतकी पुसट असते की शोधावी लागते.

तलवारींसारख्या दिसणाऱ्या खुणा अनेक कारखान्यांनी काढल्या. ऑगस्टस राजाची जुळवलेली आद्याक्षरं तर एकोणिसाव्या शतकात ड्रेस्डेनच्या हेलेना वोल्फसोनच्या रंगशाळेने सर्रास वापरली, शेवटी मायसेनने कोर्टात जाऊन ते थांबवलं. पॅरिसच्या सॅमसनचं प्रकरण जास्त मजेशीर. १८४५ साली सुरू झालेलं हे घराणं आधी लोकांच्या फुटलेल्या संचातली एखादी वस्तू जोडीला करून द्यायचं. पुढे त्यांनी मायसेन, चेल्सी, चिनी, सगळ्यांच्याच प्रतिकृती काढल्या, आणि त्या इतक्या चांगल्या की आज सॅमसनचे पक्षी गोळा करणारे लोकही आहेत. पण सॅमसनची माती कठीण. त्यामुळे बुडाला सोनेरी नांगर आहे आणि टवका शिंपल्यासारखा चमकतोय, असा पक्षी चेल्सीचा नाही. खुणेने फसवलं तरी मातीने सांगितलं. आणखी एक: चेल्सीचे खरे नांगर अगदी बारीक, जेमतेम काही मिलिमीटरचे, आणि आडोशाला काढलेले असतात. बुडाच्या मधोमध ठसठशीत नांगर दिसला तर सावध व्हा.

काळ ओळखायची एक सोपी युक्तीही आहे. अमेरिकेच्या एका आयात कायद्यामुळे १८९१ पासून तिथे जाणाऱ्या मालावर तो कुठल्या देशातला हे लिहिणं भाग पडलं. म्हणून बुडावर देशाचं नाव असलेला पक्षी बहुधा त्यानंतरचा. उलटं मात्र खरं नाही: देशाचं नाव नाही म्हणून तो आधीचा, असं नाही. तो दुसरीकडे विकला गेला असेल, किंवा नाव कुणी घासून काढलं असेल. बुडावर एक गोल डाग बाकीच्या भागापेक्षा मंद किंवा खरखरीत दिसला तर तिथे काहीतरी होतं, असं समजायचं.

जे तुटतं ते जोडलेलं असतं

चोच, शेपटीचं टोक, पानांच्या कडा, फुलांच्या पाकळ्या. अडीचशे वर्षांत यांतलं काही तुटलं नाही असं सहसा होत नाही, आणि तुटलेलं कुणी तरी जोडून रंगवलेलंही असतं. जोडणं हा गुन्हा नाही, न सांगणं हा आहे.

तपासायच्या तीन रीती. अंधारात अतिनील टॉर्च मारा: डिंक आणि नवे रंग आजूबाजूच्या झिलईपेक्षा वेगळे उजळतात, चोच एकदम वेगळ्या रंगाची दिसते. नखाने हलकेच टिचकी द्या: अखंड पोर्सिलेन खणखणतं, तडा असलेलं बद्द वाजतं (पानाफुलांनी लडबडलेल्या पक्ष्याला ही परीक्षा फारशी लागू पडत नाही). आणि तिसरी, जरा विचित्र दिसणारी: संशयाच्या जागी दात हलकेच टेकवा. झिलई थंड आणि काचेसारखी लागते, रंगवलेली डागडुजी प्लास्टिकसारखी मऊ.

यातलं काहीही न करता मी एकदा एक छोटा हिरवा पोपट घेतला होता. धुळीने माखलेला, म्हणून घरी आल्याबरोबर कोमट पाण्याच्या भांड्यात बसवला आणि दुसऱ्या कामाला लागलो. परत आलो तेव्हा पाण्यावर हिरवट तवंग होता आणि शेपटी भांड्याच्या तळाशी वेगळी पडली होती. जुना डिंक विरघळला होता. शेपटीच्या टोकाचं तर पोर्सिलेनच नव्हतं, प्लास्टर होतं. विकणाऱ्याला दोष द्यायला मला जागा नव्हती, मी विचारलंच नव्हतं.

त्या पोपटाचा मला इतर पक्ष्यांपेक्षा जास्त उपयोग झाला. तुटलेल्या जागी माती उघडी पडली होती, साच्याचा सांधा दिसत होता, आतले बोटांचे ठसे दिसत होते. तेव्हापासून नव्या माणसाला मी सांगतो, पहिला पक्षी फुटका घे. कमी खर्चात अख्खी शाळा मिळते. मग एखाद्या संग्रहालयात जाऊन त्याच कारखान्याचे अखंड पक्षी बघ. लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन, ड्रेस्डेनचं झ्विंगर यांच्या संग्रहांतली छायाचित्रं घरबसल्याही बघायला मिळतात.

जुन्याची व्याख्याही एकदा स्पष्ट करून घ्या. बाजारात साधारण शंभर वर्षांपुढच्या वस्तूला अँटिक म्हणतात. त्यामुळे इंग्लंडच्या रॉयल वुस्टर कारखान्यासाठी डोरोथी डाउटी यांनी १९३५ पासून घडवलेले अमेरिकन पक्षी त्या व्याख्येत अजून बसत नाहीत. पण ते बघायलाच हवेत. खरं पीस चमकत नाही, म्हणून तिथे चकाकी टाळून मंद रंग वापरले, आणि पाकळ्या कागदाइतक्या पातळ केल्या. अमेरिकेच्या एडवर्ड बोएमचे पक्षीही याच वाटेचे. १९७२ च्या चीनभेटीत अध्यक्ष निक्सन यांनी बोएमच्या हंसांची भेट नेली होती, पोर्सिलेनच्याच देशाला पोर्सिलेन. डेन्मार्कच्या रॉयल कोपनहेगन कारखान्याचे पक्षी या सगळ्यांहून वेगळे: त्यांचे रंग झिलईखाली असतात. त्या आचेला मोजकेच रंग टिकतात, म्हणून ते करडे, धुक्यातल्यासारखे दिसतात. बोट फिरवलं तर काहीच लागत नाही, सगळं काचेखाली. झिजायचाही प्रश्न नाही.

घरी आणलेल्या पक्ष्याला फार काही लागत नाही. धूळ मऊ कुंचल्याने झटकायची. पाणी फक्त अखंड पक्ष्याला, तेही ओल्या कापसाने. सोन्याच्या कामाला तर तेवढंही नको. दारं आपटतात त्या भिंतीवरच्या फळीवर ठेवू नका, कंपनांनी पक्षी हळूहळू कडेकडे सरकतात, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पटतं. उचलताना मान, शेपटी, फांदी यांतलं काहीही धरायचं नाही. एक हात बुंध्याला, दुसरा बुडाखाली, आणि खाली पसरलेला टॉवेल.

माझा पोपट अजून टेबलावर आहे, शेपटीशिवाय. शेपटी वेगळ्या डबीत ठेवली आहे. कुणी बघायला मागितली की दोन्ही पुढे करतो, आणि बहुतेक जण पोपट बाजूला ठेवून आधी डबी उघडतात.